ॲरोवानाच्या पिल्लाला काय द्यावं: जिवंत मासे, कोलंबी, किडे की पॅलेट?

सिल्व्हर ॲरोवाना या टाकीत पाळल्या जाणाऱ्या शिकारी माशाचं बोटाएवढं पिल्लू घरी आलं की पहिली तक्रार ठरलेली: हे काही खातच नाही. मग दुकानदार पिशवीभर गप्पी किंवा छोटे गोल्डफिश हातात ठेवतो. ती पिशवी घेण्याआधी पिल्लाचं पोट नीट बघा. ॲरोवानाचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, आणि विक्रीला येणाऱ्या अगदी लहान पिल्लांच्या पोटाखाली बऱ्याचदा बलकाची पिशवी अजून लोंबत असते. तोवर त्याचं पोषण त्यातूनच होतं. तुम्ही टाकलेल्या अन्नाने फक्त पाणी खराब होईल.

जिवंत माशांचा फायदा एकच, पण तो खरा आहे: भक्ष्य हललं की अडून बसलेलं पिल्लूही झडप घालतं. बाकी सगळा तोटाच. फीडर मासे (खाद्य म्हणून विकले जाणारे छोटे मासे) दाटीवाटीने ठेवलेले असतात, त्यामुळे पांढरे ठिपके, अँकर वर्म (अंगात रुतणारा परजीवी) असले रोग त्यांच्यासोबत टाकीत येतात. गोल्डफिशमध्ये थायमिनेज हे एन्झाइम असतं. ते ब१ जीवनसत्त्व मोडतं, त्यामुळे महिनोन्‌महिने गोल्डफिशवरच वाढवलेल्या माशाला त्याची कमतरता भासू लागते. मासे गोठवून दिले तरी हा दोष जात नाही. शिवाय पिल्लाला एकदा पाठलागाची चटक लागली की निपचित पडलेल्या अन्नाकडे ते ढुंकून बघत नाही. द्यायचेच असतील तर घरी वाढवलेले गप्पी द्या, तेही पिल्लू दुसरं काहीच घेत नसेल तेव्हा.

फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) अगदी लहान वयात कामाचे आहेत. वितळवून, पाणी गाळून द्या. पिल्लू चारेक इंचांचं झालं की त्यावर पोट भरत नाही. नाल्यातून काढलेले जिवंत ट्यूबिफेक्स (गाळात राहणारे बारीक लाल जंत) मात्र टाकीत आणूच नका.

माझा कौल कोलंबीला. आपल्याकडे ती कोणत्याही मासळी बाजारात मिळते. सोलून, तोंडात मावतील एवढे तुकडे करून गोठवून ठेवा. ताजा जवळा मिळाला तर तो सालासकट चालतो, पण खारवलेली सुकट नको. अडचण एवढीच की तुकडा बुडतो आणि ॲरोवाना पृष्ठभागावर खाणारा मासा आहे. म्हणून तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्याच्या वरच्या थरात हलवा. काही जातींच्या कोलंबीतही थायमिनेज असतं, त्यामुळे आयुष्यभर एवढाच आहार नको.

ॲमेझॉनच्या पुराच्या पाण्यात हा मासा फांदीवरचे किडे उडी मारून टिपतो. त्यामुळे रातकिडे आणि मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) त्याला लगेच पटतात, पृष्ठभागावर राहतातही. मीलवर्म चरबीचे असतात, ते अधूनमधूनच द्या. घरातली झुरळं किंवा फवारणी झालेल्या बागेतले नाकतोडे कधीच नकोत. आणि टाकीचं झाकण घट्ट हवं.

पोहोचायचं आहे ते तरंगत्या मांसाहारी पॅलेटपर्यंत, म्हणजे मांसाहारी माशांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्यांपर्यंत. त्यात जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात आणि रोगाचा धोकाही नसतो. पिल्लू थेट पॅलेट क्वचितच घेतं, म्हणून कोलंबीच्या तुकड्यात पॅलेटचा चुरा दाबून द्या आणि हळूहळू चुऱ्याचं प्रमाण वाढवा. पाचसहा इंचांचा धडधाकट मासा एकदोन दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी तो बहुधा पॅलेटची चव घेतो. न खाल्लेला तुकडा लगेच बाहेर काढा.

डोक्यामागचा भाग खपाटीला गेला असेल किंवा पोट आत ओढलेलं दिसत असेल, तर हा उपास त्याच्यावर लादू नका. आधी किडे किंवा ब्लडवर्मवर त्याला सावरा, मग कोलंबीकडे वळा. कोंबडी-मटणाचं मांस मात्र कुठल्याच टप्प्यावर नको. त्यातली चरबी माशाला पचत नाही आणि यकृतात साठते.