व्हिएतनामची रँडल: सुरी खरी, गोष्ट बनावट

रँडल या अमेरिकी हातघडणीच्या सुऱ्यांच्या बाजारात नकली सुरीपेक्षा नकली गोष्ट जास्त खपते. मला विकली गेली ती तशीच, म्हणून जुन्या लष्करी सुऱ्या जमवणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत बो रँडल यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस हाताने सुऱ्या घडवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात सैनिक पत्रं लिहून त्या मागवू लागले, आणि आजही ऑर्डर दिली की काही वर्षं थांबावं लागतं. माझ्या डोक्यात होतं मॉडेल १८: पोकळ मूठ, पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते. व्हिएतनामला गेलेल्या कॅप्टन जॉर्ज इनग्रॅम यांच्या सूचनेवरून हे मॉडेल निघालं. साधी नवी सुरी काही शे डॉलरची. तीच 'जंगलात वापरलेली' म्हटली की आकडा हजारांत जातो.

विकणारा इथलाच, अमेरिकेतला. बोलायला एकदम गोड. सुरी काकांची, काका स्पेशल फोर्सेसमध्ये, १९६७ला निवृत्त, पात्यावर त्यांचं नाव कोरलेलं. सेवेची कागदपत्रं मागितली तर म्हणाला, "सेंट लुईसच्या आगीत सगळं जळालं हो." आग खरीच लागली होती. १२ जुलै १९७३ला तिथल्या, सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी अभिलेखागारात दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. पण लष्कराच्या ज्या गेल्या, त्या १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्यांच्या. १९६७च्या माणसाची फाइल त्यात असायचं कारणच नाही. या धंद्यात ही आग फार सोयीची आहे. कोणी तिचं नाव काढलं की आधी निवृत्तीचं साल विचारा.

पार्सल आल्यावर बाकीचं उलगडलं. म्यान जुनं, चामडं काळपट, शिवण झिजलेली, पुढच्या खिशात धार लावायचा दगड. सुरी आत घातली आणि ती किंचित डुगडुगली. वर्षानुवर्षं म्यानात राहिलेल्या सुरीचं पितळी गार्ड, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी, चामड्यावर आपला ठसा उमटवतं, कडेला हिरवट थर धरतो. ठसा होता, हिरवटपणाही होता, पण माझ्या सुरीच्या गार्डपेक्षा चांगला बोटाच्या पेराएवढा रुंद. मग भिंगातून नाव पाहिलं. पात्यावरचे जुने ओरखडे अक्षरांपाशी येऊन तुटत होते आणि अक्षरांचा तळ लखलखीत होता. नाव जुनं असतं तर ओरखडे अक्षरांवरून गेले असते.

फोन लावला तर आधी "तुम्हाला काय कळतं यातलं", मग नंबरच बंद. पैसे त्याने ऑनलाइन, ओळखीच्यांना पाठवायच्या 'मित्र-नातेवाईक' या पद्धतीने मागितले होते, फी वाचते म्हणून. अशा पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, त्यामुळे तक्रार नोंदवली तरी परत काही आलं नाही. अनोळखी विक्रेत्याने हीच पद्धत धरून ठेवली तर व्यवहार तिथेच सोडा. आणि पैसे द्यायच्या आधी तीन फोटो मागा: म्यानाच्या तोंडाचा आतून, गार्डचा मोजपट्टी लावून, कोरलेल्या नावाचा अगदी जवळून. प्रामाणिक माणूस पाच मिनिटांत पाठवतो.

माझी सुरी रँडलचीच आहे, फक्त बरीच अलीकडची. म्यानही अस्सल आहे. म्हणजे त्या म्यानातली मूळ रुंद गार्डची सुरी याच माणसाने दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारली असणार, दुसरा काका जोडून. तुमच्याकडे अशी सुरी विनाम्यान आली असेल तर मला कळवा.