पवनेच्या पाण्यावर दोन दिवस : नवशिक्यांच्या कयाक वर्गाबद्दल

पवना धरणाच्या जलाशयाकाठी अर्ध्या तासासाठी कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी होडी, भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. वल्हे कसे मारावे हे शिकवणारे फार थोडे. अंगावर लाइफ जॅकेट चढवले, हाती वल्हे दिले आणि होडी पाण्यात ढकलली की त्यांचे काम संपते. म्हणूनच, समोर तिकोना किल्ला दिसेल अशा एका काठावर छोट्या गटाने नवशिक्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग सुरू केल्याचे कळले, तेव्हा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी आणि माझी पुतणी तेथे दाखल झालो. माणशी साडेचार हजार रुपये, त्यात दोन वेळचे जेवण आणि एका प्रशिक्षकामागे चारच विद्यार्थी, असा व्यवहार होता.

पहिला तासभर कोणालाही पाण्यात उतरू दिले नाही, आणि माझ्या मते वर्गाची निम्मी किंमत त्या तासातच वसूल झाली. वल्हे डोक्यावर आडवे धरून दोन्ही कोपरांत काटकोन होईल इतके हात फाकवायचे. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे आणि लांब कड वर ठेवायची. मूठ आवळायची नाही. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण काठावरून नजर टाकली तर भाड्याच्या होड्यांतली कितीतरी मंडळी वल्हे उलटे धरून घाम गाळताना दिसतात. (त्यांचे फोटो मात्र उत्तम येतात.)

पाण्यावर गेल्यावर प्रशिक्षकाने जो सराव करून घेतला, त्यासाठी मी हा वर्ग कोणालाही सुचवेन. दोन्ही कोपर ताठ ठेवून, अजिबात न वाकवता, वल्हे मारायचे. असे केले की दंडाने ओढण्याची सोयच उरत नाही आणि होडी पुढे न्यायची तर धड कंबरेपासून वळवण्याखेरीज इलाज राहत नाही. पाच मिनिटे मी कळसूत्री बाहुल्यासारखा हललो असेन, मग मागून आवाज आला, “काका, बेंबी वळवा, हात आपोआप येतील.” ते खरेच आले. पाठीचे आणि पोटाचे स्नायू दंडापेक्षा मोठे असल्यामुळे ते उशिरा थकतात, हे कारणही त्याने तेथेच सांगितले, आणि रविवारी सकाळी माझे खांदे दुखत नव्हते हा त्याचा पुरावा मानायला माझी हरकत नाही.

त्यानंतर पाते पायाच्या बोटांजवळ पूर्ण बुडवणे आणि कमरेपाशी येताच बाहेर काढणे, यावर बराच वेळ दिला गेला. पाते कमरेच्या मागे ओढत राहिले तर ते होडी पुढे ढकलण्याऐवजी पाणी वर उचलते आणि होडीचे तोंड फिरवते. नवशिक्यांची होडी नागमोडी चालते त्याचे हे एक मोठे कारण आहे. आपण मात्र जोर कमी पडला असे समजून आणखी ओढतो, आणि होडी आणखी वळते. होडी वळवण्यासाठी लांब अर्धवर्तुळ काढणारे वल्हे वेगळे शिकवले, तेही धड फिरवूनच.

आता उणिवा. सर्व होड्या आत पाय न घालता वरच्या उघड्या भागावर बसायच्या, प्लॅस्टिकच्या, रुंद आणि स्थिर होत्या. त्या नवशिक्यांना धीर देतात हे खरे, परंतु पाय टेकवायला त्यांत साच्यातल्या ठरावीक खाचाच असतात. ज्या बाजूला वल्हे मारतो त्या बाजूचा पाय रेटला तर धडाचा जोर होडीपर्यंत पोहोचतो. माझ्या पुतणीचे पाय सोयीच्या खाचेपर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे तंत्राचा हा भाग तिला केवळ ऐकूनच समजून घ्यावा लागला. वल्हीही सरसकट २३० सेंटिमीटरची होती, जी तिच्या उंचीला लांब पडली. शिवाय माझ्या वल्ह्याची दोन पाती एकमेकांशी ६० अंशांत फिरवून जोडलेली होती आणि ते कोणी सांगितले नव्हते. दर फेरीला मनगट का पिळावे लागते, असे मी विचारल्यावर मधला जोड सोडवून दोन्ही पाती एका पातळीत आणून दिली गेली. नवशिक्यांसाठी ती तशीच असावीत, असे प्रशिक्षकाचेही मत होते. मग ती सकाळीच तशी का ठेवली नव्हती?

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि होड्यांची तोंडे आपसूक वाऱ्याकडे वळू लागली, तेव्हा शिकवणे थांबवण्याऐवजी त्याचाच धडा केला गेला. होडी मुद्दाम उलटी करणे, ती सरळ करणे आणि पोटावर आडवे होऊन पुन्हा चढणे प्रत्येकाकडून दोनदा करून घेतले, ज्यांना पोहता येत नव्हते त्यांच्याकडूनही, कमरेइतक्या पाण्यात आणि शेजारी उभे राहून. कोलाडला कुंडलिका नदीत कधी उतरता येईल, असे एकाने विचारले, तेव्हा भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारे ते पाणी वाहते आहे आणि संथ पाण्यावरचे दोन दिवस त्याला पुरणार नाहीत, असे स्पष्ट उत्तर मिळाले. पुढचा वर्ग विकण्याची संधी सोडून दिलेले हे उत्तर मला आवडले.

निघण्यापूर्वी प्रशिक्षकाने स्वतःची अरुंद, बंद (पाय आत घालून बसायची) कयाक वीस मिनिटे पुतणीला दिली. तिच्यातली पायखुंटी पुढेमागे सरकवता येत होती. खुंटी पायाशी आणल्यावर तिची होडी प्रथमच सरळ रेषेत गेली. जानेवारीत ती पुन्हा जाणार आहे. फोन करून तीच होडी आणि आखूड वल्हे मिळेल का, याची चौकशी तिने आधीच केली आहे.