शेततळं की धरण: गळ कुठे टाकावा?

नवा रॉड घेतलेल्या भाच्याला प्रश्न पडलाय: रविवारी यवतकडच्या ओळखीच्या शेततळ्यावर जावं की सरळ पानशेत गाठावं?

मासा मिळण्याचं म्हणशील तर शेततळं पुढे. रोहू, कटला, मृगळ सोडलेलेच असतात, खाद्याला सरावलेले. कणकेच्या गोळीवरही लागतात. कटला वरच्या थरात, मृगळ तळाशी, एवढं ध्यानात ठेव. धरणात आधी जागा शोधायची: ओढ्याचं तोंड, बुडालेली झुडपं, खडकाळ कड. पाणी चढलं-उतरलं की मासाही हलतो. गळ टाकायला खरं शिकतो माणूस ते इथेच.

खर्च? तळ्याचा मालक बहुधा किलोवर पैसे घेईल. धरणावर पेट्रोल, शिवाय मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे असेल त्याची परवानगी. ती आधीच विचार, काठावर वाद नको.

तळं लहान म्हणून निर्धास्त राहू नकोस. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणं अवघड. आणि गळाने अस्तराचा कागद फाटला तर मालक पुन्हा उभं करणार नाही!

दोनच तास हाताशी असतील तर तळं. पोरं सोबत असतील तर अस्तर नसलेलं, मातीच्या काठाचं बघ. दिवसभर बसून रिकाम्या हाताने परतायची तयारी असेल तर पानशेत.