चार बाय पाचचा लाकडी कॅमेरा : आठ महिने आणि १२६ शीटनंतर

गेल्या ऑक्टोबरात सेकंडहँड घेतलेला हा कॅमेरा. यात रोल नाही, चार बाय पाच इंचांची फिल्मची सुटी शीट लागते, एका फोटोला एक. आता जून उजाडलाय आणि माझ्या वहीत १२६ शीटची नोंद आहे. त्यातल्या भिंतीवर लावाव्यात अशा नऊ. बऱ्यापैकी म्हणाव्यात अशा चाळीसेक. उरलेल्या कशा वाया गेल्या त्याचा हिशेब इथे मांडतोय, कारण घेण्याआधी मला जे वाचायला मिळालं ते सगळं लेन्सबद्दल होतं, आणि माझी एकही शीट लेन्समुळे वाया गेली नाही.

कॅमेरा कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. फारसा फरकही पडत नाही. पुढे लेन्सची पाटी, मागे दुधी काच, मध्ये भाता, खाली सरकपट्टी. लाकडी, घडीचा, दीड-पावणेदोन किलोचा. सोबत १५० एमएमची लेन्स कोपाल शून्य शटरमध्ये (कोपाल हा शटरचा ब्रँड, शून्य हा त्याचा आकार). चार बाय पाचसाठी १५० म्हणजे ३५ एमएम कॅमेऱ्यावरची पन्नासच्या आसपासची लेन्स समजा. निगेटिव्हचं क्षेत्रफळ मात्र ३५ एमएमच्या साधारण तेरा पट, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

विकणाऱ्याने ‘भाता एकदम नवा’ सांगितलं होतं. पहिल्या सहा शीटवर एकाच जागी धुरकट पट्टा आला. रात्री खोलीत अंधार केला, टॉर्च भात्याच्या आत घातला आणि बाहेरून पाहिलं, तर घडीच्या कोपऱ्यांवर चार चांदण्या चमकत होत्या. काळा फॅब्रिक कलर दोन हात लावला, चांदण्या गेल्या. पट्टा मात्र पूर्ण गेला नाही! पुढच्या दहा शीट त्याच्या मागे गेल्या. शेवटी लक्षात आलं की पट्टा येतो तो फक्त दोन होल्डरवर. होल्डर म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे घालायची चपटी चौकट, दोन्ही बाजूंना एकेक शीट बसणारी. त्यांच्या तळाची बिजागरी, म्हणजे फिल्म सरकवताना जी झडप उघडते ती, जुनी होऊन सैल झाली होती. तेव्हापासून प्रत्येक होल्डरवर आकडा कोरलाय, आणि फिल्म बसते त्या खाचेच्या कडेला आकड्याइतके बारीक छेद घेतलेत. निगेटिव्हच्या काठावर ते छेद उमटतात, त्यामुळे डाग आला की गुन्हेगार कोणता होल्डर ते लगेच कळतं. हे काम कॅमेरा घरी आल्याच्या दिवशी करा. होल्डर जुने मिळतात, स्वस्त मिळतात, आणि म्हणूनच माणूस तिथे काटकसर करतो. मीही केली. आता म्हणेन, कॅमेरा हलका घ्या, साधा घ्या, पण होल्डर नीट तपासून घ्या आणि निदान पाच घ्या. पाच होल्डर म्हणजे दहा शीट, एका दिवसाला भरपूर होतात.

दुसरा खर्च करायचा तो शटर तपासून घेण्यावर. जुनी लीफ शटरं, म्हणजे लेन्सच्या मध्ये बसणारी पात्यांची शटरं, सुकून मंदावतात. फोनला लावायच्या छोट्या सेन्सरने मी माझं मोजलं, तर एक सेकंद प्रत्यक्षात १.४ सेकंद, आणि १/६० जवळपास १/४०. म्हणजे अर्धा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). दुरुस्त करून घेतलं नाही, खरे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती लेन्सच्या पाटीवर मागून चिकटवली. चूक दर वेळी तेवढीच होत असेल तर तिच्याशी जमवून घेता येतं.

पाटीचाही एक किस्सा. कोपाल शून्यला ३४.६ मिमीचं भोक लागतं, कोपाल एकला ४१.६. मी घाईत दुसऱ्या, कोपाल एकवाल्या लेन्ससाठी शून्यची पाटी मागवली. लेथवाल्याने भोक वाढवून दिलं आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. पण मागवण्याआधी पट्टीने मोजलं असतं तर आठवडा वाचला असता.

आता प्रत्यक्ष वापराकडे. काळ्या कापडाखाली डोकं घातलं की चित्र उलटं दिसतं, डावं-उजवंही बदललेलं. याची सवय आठवड्यात होते, खरंच. सवय होत नाही ती क्रमाची. काचेवर फोकस करायला शटर उघडं ठेवावं लागतं. मग ते मिटायचं, डायफ्रॅम (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) आवळायचा, शटर ताणायचं, होल्डर घालायचा आणि शेवटी डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधल्या फिल्मवरची झाकणपट्टी, ओढायची. यातली एक पायरी चुकली की शीट गेली. उघड्या शटरवर स्लाइड ओढून मी चार शीट जाळल्या. आता तोंडाने मोठ्यांदा म्हणतो: मीट, आवळ, ताण, ओढ. आई म्हणते, ‘गोठ्यात गाय बांधतोयस का फोटो काढतोयस?’ पण तेव्हापासून एकही जळली नाही.

डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. अंधारात बोटांना कळावं म्हणून पांढऱ्या बाजूला बारीक उंचवटे असतात. हा संकेत सगळे पाळतात, आपणही पाळायचा. मी सुरुवातीला माझी वेगळी शक्कल काढली होती आणि एका शीटवर सिंहगडाचा दरवाजा आणि भाचीचा वाढदिवस एकत्र आले. फिल्म भरताना मात्र शीटच्या काठावरच्या खाचांवर विश्वास ठेवा. शीट उभी धरून खाचा उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, आपल्या तोंडासमोर.

हे भरणं मी चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत, करत होतो. एप्रिलमध्ये पुण्यात दहा मिनिटं बॅगेत हात घालून बघा. मनगटावरून घाम ओघळून शीटवर ठिपका पडतो आणि तो डेव्हलप झाल्यावरच दिसतो. आता रात्री बाथरूममध्ये भरतो. आधी पाच मिनिटं शॉवर सोडायचा म्हणजे धूळ खाली बसते, मग फरशी पुसायची, दाराच्या फटीत टॉवेल, पंखा बंद. धुळीचा कण शीटवर बसला की निगेटिव्हवर त्या जागी पारदर्शक टिंब आणि प्रिंटवर काळं टिंब. आकाशात असेल तर कितीही लपवा, दिसतंच.

कॅमेऱ्याच्या हालचालींबद्दल लोक फार गूढ करून सांगतात. मला कामाला आल्या त्या दोनच. पहिली, लेन्स वर सरकवणं. जेजुरीला पायऱ्यांवरच्या दीपमाळा साध्या कॅमेऱ्याने मान वर करून घेतल्या की मागे कलंडल्यासारख्या दिसतात. इथे कॅमेरा ओळंब्यात ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची. दीपमाळ शेंड्यापर्यंत काचेत येते, उभी ती उभीच. माझ्या लेन्सला साधारण तीन सेंटीमीटर वाव आहे. त्यापुढे कोपरे काळे पडतात. डायफ्रॅम आवळून काचेच्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघायचं. भोक गोल दिसलं तर ठीक, मांजराच्या डोळ्यासारखं चिरलेलं दिसलं तर लेन्स थोडी खाली घ्यायची.

दुसरी, लेन्स पुढे झुकवणं. ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या थिओडोर शाइम्पफ्लुगने १९०४ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून हा नियम त्याच्या नावाने चालतो. फिल्मचं, लेन्सचं आणि विषयाचं प्रतल एका रेषेत मिळालं की ते अख्खं प्रतल स्पष्ट येतं. व्यवहारात सोपं आहे. पायापासून क्षितिजापर्यंतची जमीन स्पष्ट हवी असेल तर १५० एमएमची लेन्स, जमिनीपासून दीड मीटर उंच, साधारण सहा अंश झुकवायची. आधी दूरचं फोकस, मग झुकवून जवळचं, परत दूरचं. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. पण हाच शहाणपणा मी जेजुरीला दीपमाळेसमोर केला. पायऱ्यांवरचा भंडारा पायाशी कणाकणाने दिसला, आणि दीपमाळेचा शेंडा गेला धुक्यात, कारण स्पष्ट प्रतल आता जमिनीवर लोळत होतं आणि शेंडा त्याच्या खूप वर होता. जवळ काही उंच उभं असेल तर झुकवू नका, डायफ्रॅम एफ २२ किंवा ३२ ला आवळा (आकडा मोठा तेवढं भोक लहान) आणि गप्प बसा. ४५ च्या पुढे मात्र डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडायला लागतं.

एक्स्पोजरचं गणित दोन ठिकाणी चुकतं. जवळचं काढताना भाता लांबतो आणि उजेड कमी पोचतो. समईचा फोटो घेताना भाता २२५ मिमीवर आला होता. २२५ भागिले १५०, त्याचा वर्ग, २.२५. म्हणजे एका स्टॉपहून थोडं जास्त वाढवायचं. दुसरं, एक सेकंदापुढे फिल्म आळसावते. मेणवलीच्या वाड्यात उजेड मोजायच्या मीटरने १० सेकंद सांगितले. इलफोर्डच्या एफपी४ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मसाठी मोजलेल्या वेळेचा १.२६ वा घात घ्यायचा, तो येतो १८ सेकंद. कॅल्क्युलेटर नसेल तर छोटा तक्ता छापून कापडाच्या आत शिवून टाका, मी तेच केलंय.

सगळ्यात जास्त शिकलो ते एक्सरेच्या फिल्मवर. एफपी४ ची एक शीट केमिकलसकट मला तीनशेच्या घरात जाते, एक्सरेचा तुकडा पंधरा रुपयांतही पडत नाही. मेडिकल सप्लायवाल्याकडे ग्रीन सेन्सिटिव्ह, ओल्या प्रोसेसची, आठ बाय दहा मागायची. हल्ली बरीच दुकानं ड्राय लेझर फिल्म पुढे करतात, ती आपल्या कामाची नाही. लाल दिव्यात चार तुकडे होतात, पण बरोबर मधून कापले तर होल्डरमध्ये अडकतात. दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलीमीटर आणखी काढावं लागतं. इमल्शन दोन्हीकडे असल्याने बघता बघता ओरखडे पडतात. ट्रेच्या तळाला काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट घ्या. डेव्हलप होताना लाल उजेडात चित्र वर येताना दिसतं, हा आनंद एफपी४ देत नाही.

या फिल्मला लाल दिसत नाही. राजापूरकडच्या आमच्या घराचं जांभ्याचं जोतं कोळशासारखं काळं आलं, मागची पोफळीची बाग उजळ. ओसरीवर बसलेल्या आत्याच्या कपाळावरचं कुंकू पार काळं. प्रिंट हातात घेऊन तिने खिडकीपाशी नेली, चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाली, ‘काय रे, कपाळाला काजळ फासलंस माझ्या?’ आता ती प्रिंट तिच्या देवघराच्या भिंतीवर आहे, म्हणजे राग गेला असावा.

डेव्हलपिंगला आपल्याकडे खरा वैरी नळाचं पाणी. एफपी४ ला आयडी-११ डेव्हलपर, पाण्यात एकास एक, २० अंशाला ११ मिनिटं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून पाणी आलं ३३ अंशाचं. बर्फाच्या दोन बाटल्या परातीत ठेवून मी सगळी केमिकलं २४ वर आणतो आणि वेळ ८ मिनिटांवर. पाच मिनिटांच्या खाली वेळ जाऊ देऊ नका, आकाश ढगळ नसतानाही डागाळतं. धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं, नाहीतर इमल्शन फुगून नखानेसुद्धा निघतं. शेवटचं पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड. आमच्या बोअरच्या पाण्याने प्रत्येक शीटवर पांढरे ठिपके ठेवले होते.

स्कॅनिंगवर लिहिण्यासारखं काही नाही. लाइट पॅनलवर ठेवून डिजिटलने फोटो काढतो, पुरतं.

तक्रारी? वारा. सिंहगडावर भाता शिडासारखा फुगतो आणि सेकंदाचं एक्स्पोजर विसरायचं. छत्री धरायला माणूस न्या. ट्रायपॉड कॅमेऱ्यापेक्षा जड हवा, माझा आहे, आणि पाठीला त्याचा पत्ता रोज लागतो. सगळं मिळून नऊ किलो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, ते घरून निघण्याआधी बघा.

आता पाऊस सुरू झालाय. लेन्स सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात, कॅमेरा मात्र डब्यात कोंडत नाही, भात्याला बुरशी धरते. दर रविवारी पूर्ण उघडून पंख्याखाली ठेवतो. विकणार का, असं दोघांनी विचारलं. नाही. उलट कालच सहावा होल्डर घेतला, बिजागरी तीनदा उघडझाप करून बघितली, मगच पैसे दिले.