संशोधनाचं चौथं वर्ष: घ्या, पण गाइड बघून

आहारशास्त्राच्या पदवीचं चौथं वर्ष, म्हणजे 'ऑनर्स विथ रिसर्च', मी कोल्हापुरातल्या एका स्वायत्त कॉलेजातून नुकतंच पूर्ण केलं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तरच संशोधनाला प्रवेश मिळतो. मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त आधी चौकशी करा, गाइड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, कोण मिळणार आणि माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी कधी बसते.

माझा विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांचा आहार आणि हिमोग्लोबिन. टोळ्या येतात दिवाळीच्या सुमारास आणि हंगाम संपला की कोप्या मोडून गावी जातात. कमिटीच्या मंजुरीशिवाय एकीलाही प्रश्न विचारता येत नाही. आमची बैठक इतकी लांबली की परवानगी मिळेपर्यंत निम्मा हंगाम सरला. यासाठी कॉलेजला पाचपैकी दोनच तारे. संख्याशास्त्राचे तासही नावालाच झाले.

माझ्या गाइड मॅडमना मात्र पूर्ण पाच. सही न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. टोळीचा मुकादम लगेच पुढं आला, "मी करतो की सही." मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नवऱ्यानं ज्याच्याकडून उचल घेतलीय, त्याच्यासमोर ती नाही म्हणेल का गं?" मग अंगणवाडीच्या ताई साक्षीला बसल्या, आणि काही जणींनी रक्त द्यायला सरळ नकार दिला. ते नकार मी प्रबंधात आवर्जून नोंदवलेत. वर्गात बसून हे कधी कळलं नसतं.

चोवीस तासांत काय खाल्लं ते विचारायला पिशवीत स्टीलच्या वाट्या, चमचे आणि भाकरीच्या मापाची कागदी वर्तुळं असायची. "सकाळी काय खाल्लं, मावशी?" "च्या." "मग?" "फडात भाकरी नि ठेचा. वर परत च्या." जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हे आम्ही पहिल्या वर्षापासून घोकलेलं. पण पहाटे अंधारात भाकऱ्या थापून फडावर जाणाऱ्या बाईला 'चहा सोडा' म्हणून भागत नाही. तासाभरानं घ्या, एवढं तिला जमण्यासारखं होतं, तेवढंच सांगितलं.

बोटातून रक्त काढायचं काम प्रशिक्षित टेक्निशियनचंच. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आलेल्या प्रत्येकीला चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवायचं, हे आराखड्यातच लिहिलं होतं. हे नसेल तो अभ्यास मी तरी हातात घेणार नाही.

चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के राखले तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो, मध्ये एम.एस्सी. लागत नाही. माझ्यासाठी ते मोठं कारण होतं. विषय हंगामाशी बांधलेला असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच तो पक्का करा आणि कमिटीचा अर्ज, मराठी संमतीपत्रासकट, जूनमध्येच देऊन टाका.