पैसे भरून पुस्तक छापून घेण्यापूर्वी

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीतल्या आठवणींचे हस्तलिखित त्यांनी पुण्यातील एका प्रकाशकाकडे पाठवले. आठवडाही उलटला नाही तोच ‘गुरुजी, हे पुरस्काराच्या तोडीचे लेखन आहे’ असा फोन आला. नावाजलेल्या प्रकाशनसंस्थेत नुसत्या वाचनालाच कित्येक महिने लागतात, त्यामुळे शंका यायला एवढी तत्परता खरे तर पुरेशी होती. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला स्वतःच्या लेखनाची स्तुती ऐकताना ते सुचणार कसे?

हजार प्रतींच्या आवृत्तीसाठी ६८,००० रुपये ठरले. त्यात ‘आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) शुल्क’ ४,००० आणि ‘कॉपीराइट नोंदणी’ ७,५०० अशा रकमा वेगळ्या दाखवल्या होत्या. वास्तविक भारतात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. कॉपीराइट तर लेखन पूर्ण होताच लेखकाचा असतो; नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच म्हटली तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे.

घरी शंभर प्रतींचा गठ्ठा आला. बाकीच्या वितरकांकडे गेल्या, असे सांगण्यात आले. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत चौकशी केली, तर पुस्तकाचे नावही कोणी ऐकलेले नव्हते. शेवटी श्रेयनामावलीच्या पानावर मुद्रकाचे नाव दिसले, म्हणून त्यालाच फोन केला. ‘साहेब, दीडशेचीच ऑर्डर होती, डिजिटलवर काढली,’ असे तो अगदी सहज म्हणाला. त्याच पानावर ‘प्रथम आवृत्ती : १००० प्रती’ असे छापलेले आहे.

लेखकाकडूनच खर्च आणि नफा दोन्ही वसूल झाल्यावर अशा प्रकाशकाला पुस्तक विकण्याची गरजच उरत नाही. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काहीच नाही, मात्र तेव्हा आपण मुद्रणाचे गिऱ्हाईक आहोत हे ओळखून दोन-तीन मुद्रकांकडून दरपत्रके घ्यावीत. स्वतःचे पैसे घालणारा प्रकाशकही नवोदिताची पाचशे-हजार प्रतींचीच आवृत्ती काढतो आणि विक्रीतला ४० ते ५० टक्के वाटा वितरक व दुकानदाराच्या कमिशनमध्ये जातो. २५० रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरले, तर पाचशे प्रती संपल्यावर लेखकाच्या हाती १२,५०० रुपये पडतात, आणि त्या संपायलाही वर्षे जातात. ‘ग्रंथालय खरेदीतून सहा महिन्यांत पैसे वसूल’ हे आम्हाला दिलेले आश्वासन या हिशेबात कुठेच बसत नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हेही आम्हाला फार उशिरा कळले.

करारात प्रतींची संख्या, मानधनाचा दर, हिशेब देण्याची तारीख आणि हक्कांची मुदत लिहून घ्यावी. मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षे धरली जाते. आमच्या करारात मात्र ‘कायमस्वरूपी’ असा शब्द बारीक टाइपात होता. आता पावत्या, करार आणि मुद्रकाचे लेखी पत्र जोडून वडिलांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.