सी कोडची पडताळणी: सीबीएमसी, अ‍ॅस्ट्रे की फ्रामा-सी?

ब्रेक किंवा रुग्णाला औषध देणारा इन्फ्युजन पंप चालवणारा सी कोड तुमच्या हातात असेल, तर नुसत्या टेस्टिंगवर विसंबू नका. टेस्ट जेवढ्या इनपुटवर चालवली, तेवढ्याचीच खात्री देते. सीबीएमसी, अ‍ॅस्ट्रे आणि फ्रामा-सी ही कोड तपासणारी तिन्ही टूल्स सगळ्या शक्य इनपुटबद्दल बोलतात. त्यांच्या ‘चूक नाही’ला अर्थ किती आणि त्यासाठी तुम्हाला राबावं किती लागतं, यावर निवड ठरते.

एकच ओळ घेऊ. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधताना, खालचा आणि वरचा इंडेक्स मिळवून दोनाने भागतात. ३२ बिटांच्या इंटमध्ये बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेत मावत नाही!

सीबीएमसीला हे सापडतं, आणि दोन्ही इंडेक्सच्या नेमक्या किमती, तिथवर पोचायची वाट सगळं समोर येतं. दुरुस्तीला याहून मोठी मदत नाही. शिवाय फुकट. पण ते लूप ठरावीक फेऱ्यांपर्यंतच उलगडतं. दहा फेऱ्यांत चूक नाही, म्हणून अकराव्या फेरीची हमी मिळत नाही. ‘अनवाइंडिंग असर्शन’ चालू ठेवाच, म्हणजे मर्यादा अपुरी पडली तर कळतं. कंट्रोलरचा कधीच न थांबणारा मुख्य लूप मात्र यात पुरा होत नाही.

तिथे अ‍ॅस्ट्रे. ते प्रत्येक व्हेरिएबलची किंमत कुठून कुठवर जाऊ शकते याचा अंदाज बांधतं, त्यामुळे फेऱ्यांची अट नाही. २००३ मध्ये एअरबस ए-३४०च्या उड्डाण नियंत्रणाच्या १,३२,००० ओळींत रनटाइम एरर (ओव्हरफ्लोसारखी, प्रोग्राम चालताना होणारी चूक) नाही, हे त्याने आपोआप सिद्ध केलं. मात्र ॲरेची लांबी ठाऊक नसेल तर आपल्या ओळीवर ते खबरदारी म्हणून अलार्म देणारच, आणि प्रत्येक अलार्म खरा की खोटा हे माणसालाच बघावं लागतं. लायसन्सही विकत घ्यावं लागतं. बजेट नसेल तर याच जातीचा ‘इव्हा’ फ्रामा-सीत फुकट मिळतो.

फ्रामा-सीच्या ‘डब्ल्यूपी’ या पुरावा तपासणाऱ्या भागात घाम गाळावा लागतो. ॲरे क्रमाने लावलेला आहे, सापडलेला इंडेक्स बरोबर आहे, लूपमध्ये काय कायम राहतं, सगळं तुम्ही लिहायचं. बदल्यात फंक्शन आपलं काम बरोबर करतं याचा, कितीही लांबीच्या ॲरेसाठी, पुरावा मिळतो. रनटाइम तपासणीचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. विसरलात तर ओव्हरफ्लो तसाच राहील.

नवी टीम असेल तर माझा कौल सीबीएमसीला: एक छोटं मॉड्युल घ्या आणि रोजच्या बिल्डमध्ये बसवा. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र हवं असेल तर अ‍ॅस्ट्रेचा खर्च मंजूर करून घ्या. डब्ल्यूपी ठेवा डोस मोजणाऱ्या फंक्शनसारख्या जागेसाठी, जिथे चुकीचं उत्तर क्रॅशपेक्षा घातक ठरतं.